रात्रशाळा

मतदानाच्या रांगेत उभी होते. महापालिकेच्या शाळेचा तळमजला, नुकतंच मारलेलं फिनेल आणि त्यात मिसळलेला खडूच्या भुकटीचा वास. पोटात एकदम काहीतरी हललं. मागच्या बाईंनी "पुढे सरका" म्हणेपर्यंत मी वर्गातल्या बाकांकडेच बघत होते. तिसरी-चौथीच्या मुलांचे बाक. त्यातल्या एका बाकात मला माझे बाबा दिसत होते. गुडघे वरच्या फळीला टेकलेले, हात कुठे ठेवावेत हे कळत नसलेले.

लालबागच्या चाळीत बाबांच्या दारूबद्दल कुणाला काही सांगावं लागलं नाही. ते जिना चढू लागले की सगळ्या मजल्यांना कळायचं. आई खोटं बोलायची ते फक्त त्यांच्या कामाच्या ठिकाणी. खालच्या दुकानातून फोन करून "त्यांना ताप आहे" म्हणायची. लपवाछपवी खरी सुरू झाली ती बाबा दारू सोडायला लागल्यावर! पिणारा माणूस चाळीला चालत होता. सोडण्यासाठी मीटिंगला जाणारा म्हणजे अगदीच हाताबाहेर गेलेला. "रात्रशाळेत जातात," आई शेजारणींना सांगू लागली. गिरणगावात ते सहज पटायचं. दिवसभर राबून रात्री मॅट्रिकचा अभ्यास करणारे तिथे कितीतरी होते.

ती मीटिंग शोधून काढली आईनेच. डॉक्टरांनी "इच्छाशक्ती हवी" एवढं सांगून वाटेला लावलं होतं. त्या वाक्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांच्या कंपाउंडरने मात्र बाहेर येऊन हळूच सांगितलं, की संध्याकाळी एका शाळेच्या फाटकावर पुठ्ठ्याची पाटी लावतात, वर 'ए. ए.' आणि खाली बाण. कुठली शाळा ते त्याला ठाऊक नव्हतं. वॉचमनला तोंडाने विचारायची लाज, म्हणून आई संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन शाळांच्या फाटकांवरून फिरत राहिली.

तिथे फी नव्हती, हजेरीपट नव्हता, आडनावही कुणी विचारत नव्हतं. शेवटी एक कापडी पिशवी फिरायची. जमेल त्याने जमेल ते टाकायचं. खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच. बाहेरच्या कुणाची देणगी घ्यायची नाही, हा त्यांचा नियमच. बाबांना पिणं सोडून वर्ष झालं तेव्हा 'बर्थडे'ची ओपन मीटिंग होती, घरच्यांना चालणारी. तेव्हा पाहिले ते गुडघे. बोलायला उठले तर बाकही त्यांच्याबरोबर उचलला गेला. कुणी हसलं नाही. नाव सांगून "मी अल्कोहोलिक आहे" म्हणाले आणि मग दारूबद्दल नाही, त्या तापाबद्दल बोलले. बायकोने किती वर्षं आपल्याला ताप आणला, त्याबद्दल.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर महिन्याभराने. त्यात पिणाऱ्यांचं आर्य मदिरा मंडळ आहे, अगदी रीतसर. सोडू पाहणाऱ्या नायकाला, सुधाकराला, मात्र बाबांसारखी बसायला एक खोली नाही. सोळा वर्षांनी, १९३५ मध्ये, अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा शेअर दलाल धंदा फसून हॉटेलात उभा होता, समोर बार. पुन्हा पिऊ नये म्हणून त्याने चर्चच्या पाद्र्यांना फोन लावले, मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का म्हणून. त्यातून त्याला डॉक्टर बॉब भेटले आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (ए. ए.) उभं राहिलं. सुधाकराला असा कुणी भेटला असता तर, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. पण माझं खरं भांडण सुधाकराच्या बायकोवरून, सिंधूवरून आहे. मरणाच्या दारातही ती नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्यासाठी रडत तिला पतिव्रता म्हणत आलो. तिच्या जिवाचं काय होत असेल, हे तिला कुणीच विचारलं नाही.

आईलाही कुणी विचारलं नव्हतं. बाबा सुधारले आणि आई चिडचिडी झाली. भांडी आपटायची. नातेवाइकांना वाटलं, सुख बोचतंय. तिला सलत होतं ते वेगळंच. तिने वर्षानुवर्षं रडून, शपथा घालून जे झालं नाही, ते बाकांवरच्या अनोळखी माणसांनी करून दाखवलं होतं. बिलची बायको लोइस हिनेही नवरा दारू सोडून मीटिंगांना जाऊ लागल्यावर चिडून त्याच्या अंगावर बूट फेकला होता. पुढे १९५१ मध्ये तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने घरच्या माणसांसाठी अल-अनॉन सुरू केलं. आई तिथे जाऊ लागली, आणि बाबा गेल्यानंतरही तिने जाणं सोडलं नाही. बाबांच्या दिवसांना सगळे त्यांच्या निश्चयाचं कौतुक करत होते. मी आईच्या पायांकडे बघत होते. ते पाय शाळाशाळांच्या फाटकांवरून हिंडले होते.

परवा आमच्या मजल्यावरची एक मुलगी आईकडे आली. नवऱ्याला मीटिंगला कसं न्यायचं, विचारत होती. तो तयारच नाही म्हणाली.

"त्याचं तो बघेल. गुरुवारी तू चल माझ्याबरोबर."

"पण काकू, मी कुठे पिते?"

"मी तरी कुठे पीत होते?" आई म्हणाली. मग सासूला काय सांगून घराबाहेर पडायचं, यावर दोघी बराच वेळ बोलत बसल्या.