अर्ज आणि प्रार्थना

प्राध्यापकाला शिकविण्याच्या खालोखाल जर कोणतें काम करावें लागत असेल, तर तें अर्ज लिहिण्याचें. रजेचा अर्ज, ग्रंथालयाला पुस्तकें मिळावीं म्हणून अर्ज, एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला शिष्यवृत्ति मिळावी म्हणून विनंतिपत्र; तीस वर्षें हा उद्योग केल्यावर अर्जाचें ठरीव रूप बोटांत मुरून जातें. आरंभीं आदरपूर्वक नमस्कार, मग स्वतःच्या सेवेचा माफक उल्लेख, मग मागणी, ती मान्य करणें कसें न्याय्य आहे याचीं दोन कारणें, आणि शेवटीं सही. एका रात्रीं गुडघे टेकून प्रार्थना करीत असतां माझ्या एकाएकी लक्षांत आलें, कीं मी देवाला अर्जच करीत आहें. त्यांत कशाचीहि उणीव नव्हती. ख्रिस्ताचें नांव तर मी नेमानें सहीच्या जागीं घालीत होतों.

हें लक्षांत येण्यास जें निमित्त झालें, तें चारचौघांत सांगण्यासारखें नाहीं. पण तें सांगितल्यावांचून पुढचें बोलणें पोकळ ठरेल. वडील वारल्यानंतर त्यांच्या नगरच्या घरावरून माझें आणि माझ्या वडील बंधूंचें बिनसलें. दादा त्या घरांत राहत होता; मी नोकरीमुळें पुण्यास. घर आपल्याकडेच राहावें, असें त्याचें म्हणणें. निम्मा वांटा माझा आहे, असें माझें म्हणणें. माझें म्हणणें कायद्याला धरून होतें, आणि तें तसें होतें असें मला आजहि वाटतें. गोष्ट वकिलांपर्यंत गेली. आमच्या घरीं रात्रीं जेवणापूर्वीं सर्वांनीं मिळून प्रार्थना करण्याचा प्रघात आहे. त्या प्रार्थनेंत मी तीन वर्षें रोज एक वाक्य उच्चारीत असें: प्रभो, दादाला सद्बुद्धि दे. वाक्य निर्दोष होतें. त्यांत द्वेष नव्हता, शाप नव्हता. उलट भावाच्या कल्याणाची इच्छाच होती. माझ्या पत्नीनें त्यावर कधीं आक्षेप घेतला नाहीं. मात्र त्या वाक्यानंतर तिचें ‘आमेन’ किंचित् उशिरा येई.

अशा प्रार्थनेला आपमतलबी म्हणणें सोपें आहे, पण तें पुरतें खरें नाहीं. मागणें हें कांहीं पाप नव्हे. रोजची भाकर मागावी, असें तर ख्रिस्तानें आपल्या शिष्यांना स्वतःच शिकविलें. दोष मागण्यांत नसतो. मागणारा देवापुढें येण्यापूर्वींच सारें ठरवून आलेला असतो, त्यांत असतो. विषय त्यानें ठरविलेला, उत्तर त्यानें ठरविलेलें, उत्तर कोणाच्या हृदयांत उतरावें तें माणूसहि त्यानेंच नेमलेलें. देवाकडे उरतें तें केवळ मंजुरीचें काम. सद्बुद्धीची गरज दादाला आहे, हें मीं देवाला विचारलेंच नव्हतें. मीं तें त्याला कळविलें होतें.

या प्रसंगानंतर मला जॉर्ज म्यूलरची आठवण झाली. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें गेल्याच्या मागल्या शतकांत या गृहस्थानें हजारों अनाथ मुलांचा सांभाळ केला. पैशासाठीं कोणाहि माणसापुढें हात पसरावयाचा नाहीं, जें मागावयाचें तें देवापाशीं, असा त्याचा निर्धार होता. आणि काय मागितलें व काय मिळालें, हें तो आपल्या रोजनिशींत टिपून ठेवीत असे. अशा माणसाला प्रार्थनेची कला जन्मतःच साधली असेल, असें आपल्याला वाटतें. पण १८४१ मधील एका टिपणांत त्यानें मोकळेपणें लिहिलें आहे, कीं कित्येक वर्षें आपण सकाळीं उठून लगेच प्रार्थनेस बसत असूं, आणि पाव तास, अर्धा तास, कधीं त्याहूनहि अधिक वेळ मन नुसतें भरकटत राही. पुढें त्यानें क्रम बदलला. प्रथम शास्त्राचा थोडा भाग घ्यावयाचा, त्यावर सावकाश चिंतन करावयाचें, आणि त्यांतून जी प्रार्थना उगवेल ती करावयाची. बदल एवढासा, पण त्यांत सगळें आलें. पूर्वीं तो आधीं बोलत असे. आतां तो आधीं ऐकूं लागला. एखाद्या बाबतींत ईश्वरी इच्छा जाणून घ्यावयाची असेल, तर त्या बाबतींत आपल्या मनाला स्वतःची म्हणून इच्छाच उरूं न देणें ही पहिली पायरी, असेंहि तो सांगत असे. हें वाचतांना सोपें वाटतें. ज्याचा वांटा अडकलेला आहे, त्यानें तें करून पाहावें.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायांत पौलानें याचें मूळ सांगितलें आहे. काय मागावें हें आपल्याला नीट कळत नाहीं. म्हणून आत्मा स्वतःच आपल्या वतीनें, शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनीं, मध्यस्थी करतो, असा त्याचा आशय आहे. प्रार्थना करणारा आपण, ऐकणारा देव, एवढीच आमची समजूत. आणि येथें तर प्रार्थना करणाराहि देवच निघाला! हा विचार महाराष्ट्राला अगदींच परका नाहीं. आपल्या मुखानें दुसराच कोणी बोलतो, हें तुकोबांनीं परोपरीनें सांगितलें आहे. पण जें आपण अभंगांत कौतुकानें वाचतों, तें आपल्या गाऱ्हाण्याला लावून पाहण्याचें सुचत नाहीं.

येथें एक गैरसमज होतो. आत्म्याच्या प्रेरणेची प्रार्थना म्हणजे उत्स्फूर्त प्रार्थना, आणि पुस्तकांतून वाचलेली ती निर्जीव, असें पुष्कळांना वाटतें. परंतु मीं लहानपणापासून ऐकलेल्या उत्स्फूर्त प्रार्थनांत मंडळींतील वडीलधाऱ्यांनीं देवाला गांवची बातमी सांगितलेली आहे, आणि डोळे मिटून शेजारच्या बाकावरील माणसाला उपदेशहि केलेला आहे. उलट प्रभूनें शिकविलेली प्रार्थना सर्वांना पाठ असते, आणि तरी मृत्युशय्येवरील माणसाच्या ओठांवर ती नुकतीच जन्मल्यासारखी येते.

बाह्य रूपावरून निवाडा करणाऱ्यांची एकदां केडगांवलाहि फजिती झाली. पुणें-दौंड लोहमार्गावरील केडगांव येथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. जानेवारी १९०५ मध्यें बाईंनीं तेथील स्त्रियांना रोज एकत्र जमून प्रार्थना करण्याचें आवाहन केलें. प्रथम सुमारें ७० जणी पुढें आल्या. जूनपर्यंत ही संख्या सुमारें ५५० झाली. त्या महिन्याच्या अखेरीस सभेचें रूप पालटलें. मुली रडूं लागल्या, आपलीं पापें कबूल करूं लागल्या, शेंकडों जणी एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. हा केवळ भावनेचा कल्लोळ आहे, अशी टीका बाहेरून झाली. रमाबाईंनीं तो आवाज दडपला नाहीं. भारतीय ख्रिस्ती माणसानें परक्या देशाच्या रीतीनेंच देवाला हांक मारली पाहिजे, हें त्यांना मान्य नव्हतें. त्यांनीं स्वतः म्यूलरचा वृत्तांत वाचलेला होता; त्या शांत इंग्रजी खोलींतील चिंतन आणि केडगांवचा हा कल्लोळ यांत कानाला कांहींच साम्य नाहीं. पण दोहोंकडे परिणाम पाहावा. केडगांवच्या मुली दुसऱ्याचीं पापें सांगत नव्हत्या. स्वतःचीं सांगत होत्या. आणि पुढें त्या टोळ्याटोळ्यांनीं आसपासच्या खेड्यांतून सुवार्ता सांगत हिंडल्या. खुद्द बाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण शास्त्र मराठींत आणण्याचें काम पत्करलें होतें. संस्थेची धुरा पुढें जिच्याकडे जावयाची, ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्यें वारली. तरी तें काम बाईंनीं सोडलें नाहीं. तें पुरें करूनच १९२२ च्या एप्रिलांत त्यांनीं देह ठेवला. आत्म्याच्या प्रेरणेनें प्रार्थना केली म्हणजे मनाजोगें होतें, असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हीं दोन वर्षें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं.

आतां मोठा धोका सांगतों. स्वतःच्याच इच्छेला आत्म्याची प्रेरणा म्हणण्याइतकें सोपें जगांत दुसरें कांहीं नाहीं. ‘देवानें मला असें सांगितलें’ या वाक्यापुढें वाद खुंटतो, म्हणूनच तें भयंकर आहे. साधा अर्ज निदान फेटाळतां तरी येतो. यावर मला एकच कसोटी सुचते. प्रार्थनेंतून उठतांना मला हवें होतें तेंच, फक्त अधिक ठामपणें, हातीं आलें असेल, तर संशय घ्यावा. मला नको होतें असें कांहीं, आणि तेंहि मलाच करावयाचें, पुढें आलें असेल, तर थांबून ऐकावें. गेथशेमाने बागेंत ख्रिस्तानेंहि आपला प्याला टळावा असें मागितलें. तें मागणें खरें होतें, त्यानें तें लपविलें नाहीं. पण उठला तेव्हां तो तें पित्याच्या हातीं सोपवून, आपल्या पायांनीं शत्रूंस सामोरा गेला.

माझ्या त्या रात्रीं असें कांहीं उदात्त घडलें नाहीं. अर्जाची ओळख पटल्यावर मला नेहमींचें वाक्य उच्चारवेना, आणि दुसरें सुचेना. बराच वेळ मी नुसता बसून होतों. मग न बोलावतां एक गोष्ट आठवली. वडील अंथरुणाला खिळले, तेव्हां आठ महिने दादा त्यांना रात्रींतून चार वेळां उठून कुशीवर वळवीत असे. मी महिन्यांतून एका रविवारीं जात असें, फळांची पिशवी घेऊन. या आठवणीला माझ्यापाशीं उत्तर होतें: नोकरी होती, अंतर होतें, पैसे मी पाठवीत होतों. पण उत्तर द्यावयास गेलों, तों समोर वाद घालणारें कोणीच नव्हतें. त्या आठवणीनें माझ्या वांट्याविषयीं एक अक्षर काढलें नाहीं. ती सदसद्विवेकबुद्धि होती, असें कोणी म्हणेल. मी त्याच्याशीं भांडणार नाहीं. त्या आठवणीनें माझी बाजू बळकट केली नाहीं आणि मला एक काम सांगितलें, एवढें मला पुरेसें होतें.

शनिवारीं मी नगरला गेलों. दार वहिनींनीं उघडलें. दादा आंत वर्तमानपत्र वाचीत होता. मी उभ्यानेंच म्हणालों, “दादा, बाबांचें सगळें तूं केलेंस. मीं तें तुला एकदांहि म्हटलें नाहीं.” त्यानें वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हां उलगडली, आणि म्हणाला, “चहा घेऊन जा.” मी चहा घेतला. घराचा विषय कोणीं काढला नाहीं.

तो प्रश्न अजून सुटलेला नाहीं. वकिलांचीं पत्रें तेवढीं थांबलीं आहेत. माझा वांटा न्याय्य आहे हें माझें मत कायम आहे, आणि दादाचेंहि त्याचें मत कायम असावें. मी रात्रीं प्रार्थनेस बसतों तेव्हां अर्जाचें जुनें वळण आजहि आधीं हातांत येतें. तीस वर्षांची संवय ती. मात्र मागणी तोंडांतून बाहेर पडण्यापूर्वीं मी आतां क्षणभर थांबतों. त्या क्षणांत पुष्कळदां कांहींच ऐकूं येत नाहीं. तरी त्यानंतर सद्बुद्धि मागावयाची झाली, तर ती मी आम्हां दोघांसाठीं मागतों. आणि पत्नीचें ‘आमेन’ अलीकडे वेळेवर येतें.