गोठ्यातलं मेट

2020 सालच्या उन्हाळ्यात उसाला पाणी पाजताना खोऱ्याचा दांडा मोडला. एरवी तालुक्याला जाऊन नवा आणला असता. पण टाळेबंदी लागलेली. दुकानं बंद, एस. टी. बंद, नाक्यावर पोलीस. परसात बाभळीचा एक वाळका फोक पडला होता, तो घेतला आणि कुऱ्हाडीनं तासायला बसलो. दुपारपर्यंत जे तयार झालं त्याला दांडा म्हणायला घरात कुणी तयार होईना. बायको म्हणाली, "सुतारनानांकडं जावा की."

मी गप्प बसलो. नाना रस्त्यात भेटले की रामराम व्हायचा, पण त्यांच्या दारात मी सोळा वर्षं गेलो नव्हतो.

त्याला कारण होतं. आमच्या घरची दोन औतं. नांगर, कुळव, पाभर, जू, गाडीची धाव सोडून बाकी सगळं लाकूडकाम नानांच्या हातचं. त्याचे पैसे नसायचे. सुगीला नाना खळ्यावर यायचे आणि औतामागं चार पायल्या ज्वारी, वर कडब्याच्या पेंढ्या घेऊन जायचे. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. त्या साली खळंच झालं नाही. शाळेत मिळणारी सुकडी आम्ही भावंडं घरी आणून वाटून खायचो, वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. अशात पुढच्या मिरगाच्या तोंडाला पाभरीचं दिंड चिरलं. वडील नानांना म्हणाले, "औंदा द्यायला काय न्हाई." नानांनी मान वर न करता वाकस चालू ठेवला. "पेरलं तर उगवंल. उगवलं तर मला मिळंल," एवढंच बोलले.

आणि 2004 साली मी बैलं विकली. ट्रॅक्टर भाड्यानं मिळायला लागला होता, वैरण परवडत नव्हती. त्या सुगीला घरात ज्वारी होती, चांगली कणगी भरून होती. नाना आले नाहीत आणि मीही बोलावणं धाडलं नाही. औतच नाही तर बलुतं कशाचं, असा हिशेब मी मनातल्या मनात केला. तो त्यांना सांगायलासुद्धा गेलो नाही. गावात माझ्यासारखे पुष्कळ निघाले. दोन-तीन वर्षांत नानांचं मेट बंद पडलं, मुलगा पुण्याला फर्निचरच्या कामावर गेला.

तर तो वेडावाकडा दांडा घेऊन मी गेलो. नाना पडवीत बाजेवर बसलेले. एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे धरलेले. त्यांनी दांड्यावरनं अंगठा फिरवला आणि मला काही सांगायच्या आधीच म्हणाले, "उलट्या शिरंनं तासलायस. मांजराला शेपटाकडनं कुरवाळल्यागत." मग सुनेला हाक मारून बाजेखालचं पोतं ओढायला लावलं. वाकस, दोन रंधे, तीन पटाश्या, किकरं, गिरमिट, गुण्या, करवत, कानस. सगळ्यावर गंजाचा थर. "घिऊन जा. हितं पडून माती हुईल त्याची."

"नाना, किती द्यायचं?" मी विचारलं. विचारल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

गोठा सोळा वर्षं रिकामाच होता. म्हणजे रिकामा कसला, ठिबकच्या नळ्या, खताची पोती आणि कोंबड्या. गव्हाण फोडली, जमीन चोपून घेतली, उजेडासाठी एक पत्रा काढून तिथं प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा बसवला. नाना जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यात लाकूड धरायचे. ते आपल्याला या वयात जमणारं नव्हतं. जुन्या घराची सागवानी तुळई होती, तिचे चार पाय केले, वर जाड फळ्या ठोकल्या आणि कमरेएवढ्या उंचीचं मेज उभं केलं. ते हलत होतं. एका पायाखाली पत्रा सारला, मग दुसरा पाय हलायला लागला. शेवटी ते भिंतीला खिळवून टाकलं. अजून तसंच आहे.

पहिला महिना नुसता धारेत गेला. मला वाटायचं सुतारकाम म्हणजे लाकूड कापणं. ते निम्मं धार लावणं आहे. कुरुंदाच्या दगडावर पटाशी घासायची, तीही कोन न हलवता. मनगट जरा डुललं की धार गोल होते आणि गोल धार लाकडात शिरत नाही, वरनं घसरते. करवतीचा प्रत्येक दात कानशीनं काढायचा, मग एक डावीकडं, एक उजवीकडं जरासा वाकवायचा, नाहीतर करवत लाकडात अडकून बसते. धार बरोबर लागलेल्या रंध्याचा आवाजच निराळा येतो. त्या आवाजासाठी मी कितीतरी लाकूड विनाकारण रंधून संपवलं, हे कबूल करतो.

"पटाशीच्या तोंडाफुडं आपला हात न्हाई," हे नानांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात डाव्या हाताच्या तर्जनीला सहा टाके पडले. नानांना दाखवायला गेलो तर म्हणाले, "आता ध्यानात ऱ्हाईल." मुलगा विजेवर चालणारी हत्यारं आणून देतो म्हणत होता. आमच्याकडं शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, घरचीही वाऱ्याबरोबर जाते. करवतीला लाईट लागत नाही, असं सांगून मी टाळलं. खरं म्हणजे मला त्या चाकाची भीती वाटते.

दिवाळीच्या सुमाराला नानांची सून भेटली. घरचा संडास खाली बसायचा. नानांना उकिडवं बसता येईना, बसले तर उठता येईना, आणि सुनेला हाक मारायची त्यांना चोरी. म्हणून त्यांनी दिवसाचं जेवण एकावर आणलं होतं. हे ऐकून मी घरी आलो आणि मेजावर नुसता हात ठेवून उभा राहिलो. ज्या माणसानं गावातल्या निम्म्या घरांची दारं, माझ्या पोरांचा पाळणा, लग्नातले चौरंग केले, त्याला बसायला एक खुर्ची नव्हती.

बांधावरची बाभळ आदल्या साली वादळात पडली होती. तिचे ओंडके मी विहिरीत बुडवून ठेवलेले. पाण्यात मुरलं की लाकडातला रस निघून जातो आणि त्याला भुंगा लागत नाही, हे वडिलांच्या वेळचं ज्ञान. ते बाहेर काढून सावलीत वाळवलेलं लाकूड तयार होतं. वरचं पांढरं काढून टाकलं, आतला तांबडा गाभा तेवढा घेतला. चार पाय, दोन हात, मधे भोक असलेली बैठक. खिळा कुठं मारायचा नाही असं ठरवलं. आडव्या लाकडाला कुसू, पायाला त्याच्या मापाची खाच. कागदावर हे सोपं आहे. बाभळीत खाच पाडताना पटाशी दर दहा मिनिटांनी बोथट व्हायची. एक खाच सैल झाली, तीत मी सागाची पाचर ठोकली आणि वर भुसा आणि फेविकॉल चोपडून रंध्यानं सारखी केली. ओळखू येत नव्हती.

खुर्ची मोटारसायकलवर उलटी बांधून नेली. पारावरच्या प्रत्येकानं भोकाबद्दल विचारलं.

नाना बाजेवरनं खाली वाकले. आधी चारी पाय अंगठ्यानं चाचपले. मग हात. मग बैठकीची कड, ती गोल केली आहे का बघायला. शेवटी भोकात हात घालून म्हणाले, "ही तेवढं बराबर पडलंय." सून तोंडाला पदर लावून आत गेली. धरून धरून नाना बसले, पुढं-मागं झोका घेतला, एकदा स्वतःच्या हातावर जोर देऊन उठून उभे राहिले. परत बसले.

मी म्हटलं, "नाना, त्या साली बैलं इकली तवा मी सांगाया तरी यायला पायजे हुतं."

ते बराच वेळ पुढच्या डाव्या पायाशी बोटानं खुडबुड करत होते.

"बापू, ह्यात पाचर कशाची घातलीस?"

"सागाची."

"बाभळीत सागाची? पावसाळ्यात फुगंल, उन्हाळ्यात सुटंल. उद्याच्याला काढ आन् बाभळीची बशीव."

दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन मी त्यांच्याच पडवीत बसलो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पाचर बदलली. तिसऱ्या खेपेला जमली.

फेब्रुवारीत मालदांडीची सुगी झाली. चार पायल्या मोजून पोत्यात भरल्या आणि नेऊन पडवीत ठेवल्या. नानांनी पोत्यात हात घातला, दाणे मुठीत घेऊन नाकाशी धरले. "ही कशाची? आता तुझं औत न्हाई, माझं हात न्हाईत."

"शिकवताय की."

ते काही बोलले नाहीत. मूठ परत पोत्यात सोडली, तळव्याला चिकटलेले दोन दाणेही झटकून आत टाकले. मग सुनेला हाक मारली, "ही आत घे गं. आन् मापटं आण, मोजून घे." मग माझ्याकडं वळून, "करवत घिऊन ये उद्या. दात कसं काढलंस ते बघू."