अंधारात सापडणारी बॅटरी

दादाची शेती शिंदखेडा तालुक्यात. मोटारीची लाइट तिथे पाळीने येते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रब्बीत गव्हाला पाणी द्यायची वेळ आणि रात्रपाळी एकत्र आली, की दादा आणि वहिनी दोघंही शेतात. एक जण स्टार्टरपाशी, एक जण वाफ्यावर. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, पुढे तिचा दुसरा टप्पाही आला. ज्यांचे फीडर सौरऊर्जेवर गेले ते शेतकरी आता दिवसा पाणी भरतात. दादाच्या शिवारात अजून रात्रपाळी आहे.

म्हणून मी त्यांना जळगावहून एक चांगली बॅटरी नेऊन दिली होती. लहानशी, ॲल्युमिनियमची, आत १८६५० चा एकच लिथियमचा सेल, बुडाला बटण. उजेड थेट बांधाच्या पलीकडे पडायचा. दादा खूश झाला. वहिनीने ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाली, "भारी शे, पन अंधारामा सापडी तवय ना!"

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मोटारीच्या खोलीत लाइट जाते तेव्हा बॅटरी कुठल्यातरी गोणीवर, नाहीतर कोनाड्यात असते. मग हात चाचपडत जातो. आणि मण्यार नेमकी अशाच जागी असते. ती रात्रीची फिरणारी, उंदरांच्या मागे गोण्यांत, विटांच्या फटीत शिरणारी. घोणस निदान फुत्कारते. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही, सूजही फारशी येत नाही, आणि विष मज्जासंस्थेवर चढत जाऊन श्वास बंद पडायला लागतो तेव्हा कळतं. उजेड पाडणारी वस्तू शोधायलाच हात अंधारात घालावा लागणं ही मला फार धोक्याची गोष्ट वाटली. जळगावला परत येताना पारोळा, एरंडोल मागे पडलं तरी डोक्यात तेच चाललं होतं.

सगळ्यात सोपा उपाय रेडियमच्या पट्टीचा. पण ती आधी उजेड पिते, मग काही वेळ चमकते. दिवसभर बंद खोलीत पडलेल्या बॅटरीवरची पट्टी पहाटे तीनला काय चमकणार? उजेड सेलमधूनच घ्यायला हवा होता.

घरातल्या बोर्डावर आपण हे रोज पाहतो. इंडिकेटरचा स्विच बंद असतो तेव्हाच त्यातला छोटा निऑन पेटतो. तो बटणाच्या दोन टोकांना आडवा जोडलेला असतो. बटण बंद असलं की अगदी थोडा करंट निऑनमधून पुढे बल्बमधून जातो. बटण चालू केलं की करंटला सरळ वाट मिळते आणि निऑन विझतो. जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेला या चिमूटभर करंटची दखलच नसायची. आमच्या जिन्यात मात्र एलईडी बल्ब लावल्यावर तो रात्री मधूनच लुकलुकू लागला. आतल्या सर्किटमधला कपॅसिटर थेंबाथेंबाने भरतो, भरला की बल्ब क्षणभर पेटतो आणि पुन्हा रिकामा होतो. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला तेव्हा हे फळ्यावर शिकले होते; डोळ्यांनी पाहिलं जिन्यात.

दादाच्या बॅटरीतही हीच अडचण येणार होती. सेलचं धन टोक पुढच्या ड्रायव्हरला, म्हणजे मोठ्या एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटला टेकतं, ऋण टोक बुडाच्या स्प्रिंगला. स्प्रिंगनंतर बटण, बटणानंतर ॲल्युमिनियमची नळी, आणि नळीतून पुन्हा ड्रायव्हर. बटणाला आडवा छोटा एलईडी लावला, तर त्याचा करंट ड्रायव्हरमधूनच जाणार. ड्रायव्हरमध्ये मोड बदलणारी चिप असते. तिला अर्धवट व्होल्टेज मिळालं की ती धड जागी नाही, धड झोपलेली नाही. मोड लक्षात ठेवणंही बिघडतं. म्हणून ड्रायव्हरला बगल देणारी एक पायवाट करून द्यावी लागते. ड्रायव्हरच्या धन आणि ऋण टोकांमध्ये ५६० ओहमचा रेझिस्टर लावला, की बुडाच्या एलईडीचा करंट त्यातून निघून जातो. हे समजायला वेळ लागतो, पण या कामाचं सगळं मर्म इथेच आहे. बुडाला दिवा लावायचा तर खरं काम आधी डोक्याकडे करायचं.

किती करंट, याचं गणित कागदावर मांडलं. एलईडी हिरवा घ्यायचं ठरवलं, कारण अंधाराला सरावलेला डोळा लाल रंगाला सगळ्यात मंद आणि हिरव्याला पुष्कळ चांगला प्रतिसाद देतो. इतक्या कमी करंटला हिरवा एलईडी साधारण अडीच व्होल्ट खातो. भरलेला सेल चार व्होल्टच्या थोडा वर. उरलेल्या दीडेक व्होल्टला ३३ हजार ओहमचा रेझिस्टर लावला, की करंट सुमारे ०.०५ मिलीअँपिअर. या करंटने ५६० ओहमवर पडणारं व्होल्टेज ०.०३ च्याही आत; एवढ्याने चिप हलत नाही. सेल २६०० मिलीअँपिअर-तासांचा धरला तर नुसता हा ठिपका जाळायला ५२ हजार तास पुरतील, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं. सेल त्याआधी वापरानेच उतरेल. बॅटरी चालू असताना मात्र ५६० ओहमची वाट साडेसात मिलीअँपिअर फुकट घेते. मोठ्या उजेडाला अँपिअरच्या आसपास लागतो. त्यापुढे हा खर्च मी आनंदाने मान्य केला.

सुटे भाग गोलाणी मार्केटमध्ये मिळाले. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका दादांनी जुन्या बोर्डांच्या डब्यातून तांदळाच्या कणीएवढे रेझिस्टर शोधून दिले. त्यांच्यावर आकडे असतात: ५६१ म्हणजे ५६ वर एक शून्य, ३३३ म्हणजे ३३ वर तीन शून्यं. काय करायचंय विचारलं. सांगितल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांचा भाऊही चोपड्याकडे केळीला रात्री पाणी भरतो.

सेल आधी बाहेर काढून बाजूला ठेवला. लिथियमचा सेल आत असताना सोल्डरिंग गन जवळ आणायची नाही, ही शिस्त मी पाळतेच. बुडाची झाकणी उघडून चिमट्याच्या दोन टोकांनी आतली रिंग फिरवली. रिंग निघाली की बटणाची चकती बाहेर येते. चकतीच्या एका बाजूला स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला बटण, कडेला पितळी वलय. एलईडी बटणाच्या बाजूलाच हवा, म्हणजे उजेड रबराकडे जाईल. त्याचं धन टोक कडेच्या वलयाकडे, ऋण टोक रेझिस्टरमधून स्प्रिंगकडे. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, पण बटण बंद असताना नळीला धन बाजू डोक्याकडच्या रेझिस्टरमधून मिळते, आणि स्प्रिंग ऋणाला टेकलेली असते. मल्टिमीटरने सगळीकडे बीप घेऊन खात्री केली. समोरासमोर दोन एलईडी लावले, म्हणजे रबर चहूबाजूंनी सारखं उजळेल.

मूळ रबर काळं होतं, त्यातून काही दिसलं नसतं. त्याच मापाचं दुधी सिलिकॉनचं टोपण मिळवायला खुद्द सर्किटपेक्षा जास्त वेळ गेला. जळगावला फुले मार्केट पालथं घातलं. शेवटी एका मोडक्या बॅटरीचंच टोपण बसलं. नळीच्या आट्यांवरची धूळ पुसली. ॲल्युमिनियमवरचा रंगीत थर वीज वाहत नाही, उघडे आटेच वाहतात; तिथे घाण असली की एवढासा करंट अडतो.

सेल टाकला, झाकण घट्ट केलं, आणि खोलीतला दिवा घालवण्याआधीच हिरवा ठिपका दिसला. बटण दाबलं: ठिपका गेला, पुढे लख्ख उजेड. पुन्हा दाबलं: ठिपका परत. मोडही सगळे जागच्या जागी. मी एकटीच होते, तरी मोठ्याने "झालं!" म्हणाले.

पुढच्या रात्रपाळीला मी मुद्दाम गेले. दादा स्टार्टरपाशी, वहिनी शेवटच्या वाफ्यावर, आणि बॅटरी नेहमीसारखी गोण्यांवर. वहिनी आत आली आणि न चाचपडता तिने ती उचलली. गोण्यांकडे आधी उजेड टाकला, मगच पाय पुढे टाकला. सेल उतरत आला की हिरवा ठिपका मंद होतो हेही तिनेच पहिल्यांदा ओळखलं. आता ठिपका फिका दिसला, की ती सेल चार्जिंगला लावते.

हे पाहून घरातल्या वडीलधाऱ्या आबांनी आपली जुनी एव्हरेडीची जीवनसाथी बाहेर काढली. पितळी, तीन सेलची, कडेला सरकतं बटण. "मनी बी करी दे, माय," म्हणाले. आबांच्या बॅटरीत चिप नाही, ड्रायव्हर नाही, नुसती बल्बची तार, थंड असताना जेमतेम काही ओहमची. चिमूटभर करंट तिच्यातून बिनबोभाट जातो. त्यामुळे पायवाट करून द्यायची गरजच नाही. बटणाच्या पट्टीच्या दोन बाजूंना एलईडी आणि रेझिस्टर आडवा लावला की झालं. तीन सेलचे साडेचार व्होल्ट सेल जुने होतात तसे बरेच खाली येतात, म्हणून इथे लाल घेतला. त्याला पावणेदोनच्या आसपास व्होल्ट पुरतात. बटणाच्या खाचेच्या कडेला बारीक भोक पाडून तो बसवला.

या बॅटरीत ठिपक्याचा करंट बल्बमधूनच जात असल्यामुळे, बल्ब उडाला की ठिपकाही जातो. आबांना मी नीट समजावलं: रात्री ठिपका दिसला नाही तर सेल बघायचे, पट्टीचा गंज बघायचा, आणि दोन्ही ठीक असेल तर बल्ब गेला समजायचं. आबांचा पुढचा प्रश्न होता, तसा बल्ब आता मिळतो कुठे. धुळ्याला पाचकंदीलला दोन-तीन दुकानं फिरले, एकाकडे मिळाले, ते घेऊन आले. एक आबांच्या बॅटरीच्या झाकणात कापसात गुंडाळून ठेवलाय, बाकीचे वहिनीकडे आहेत.