एका माणसाला ‘दे’ म्हणायचे?

इंग्रजी शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांची तक्रार आहे की हल्ली इंग्रजीवाल्यांनी व्याकरण पार बिघडवले. ‘ही’ नको, ‘शी’ नको, एकट्या माणसालाही ‘दे’ म्हणायचे!

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्याला यात फारसे नवल वाटू नये. ‘अब्बा आले’ असे आपण रोज म्हणतो. अब्बा एकच, क्रियापद मात्र अनेकवचनी. आपले कारण आदराचे आहे, तिकडचे वेगळे. पण त्याने भाषा कोसळत नाही. इंग्रजीतही एकवचनी ‘दे’ चौदाव्या शतकापासून आहे. ‘यू’सुद्धा मूळचा अनेकवचनीच.

‘ही म्हटले की त्यात शी आलीच’ हा जुना युक्तिवाद मला पटत नाही. ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये तसा कायदाच केला होता: उलट स्पष्ट म्हटले नसेल, तर कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. पुढे १८६७ च्या मतदान कायद्यात ‘मॅन’ शब्द आला. त्याच्या आधारे मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी मतदार यादीत नाव मागितले. १८६८ मध्ये न्यायालयाने ते नाकारले. शिक्षेच्या कलमात बाई ‘ही’मध्ये मावते, मताच्या वेळी मावत नाही!

आता प्रश्न पुढे गेला आहे. स्वतःला पुरुषही न मानणारे, स्त्रीही न मानणारे लोक आपल्यासाठी ‘दे’ मागतात. मेरियम-वेबस्टर कोशाने २०१९ मध्ये ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवले. त्यापूर्वी ‘थॉन’ नावाचे नवे सर्वनाम घडवून पाहिले होते. ते १९३४ च्या कोशात आले आणि १९६१ मध्ये गळले. घडवलेला शब्द रुजला नाही, तोंडात असलेला रुजला.

अर्थात सर्वनामाने सगळे होत नाही. फारसीतल्या ‘ऊ’ला लिंगच नाही, क्रियापदालाही नाही, म्हणून इराणमधल्या बायकांना बरोबरीचे हक्क मिळाले, असे कोण म्हणेल? उर्दूचा ‘वो’ही तसाच निःपक्ष, पण ‘आया’ की ‘आई’ म्हणताच क्रियापद चुगली करते.

मराठीत तर पंचाईतच. ‘ते आले’ म्हटले की पुरुष होतो, ‘ते आलं’ म्हटले की लेकरू किंवा वासरू. स्वतःला मुलगा किंवा मुलगी न मानणाऱ्या विद्यार्थ्याने (हा शब्दही पुल्लिंगीच!) निबंधात ‘मी गेलो’ लिहायचे की ‘मी गेले’? उद्या अशी वही माझ्यापुढे आली, तर त्या क्रियापदाखाली मी लाल रेघ ओढणार नाही.