हनुवटी

आमचा लेक नवव्या वर्षीही पाच-सहा वर्षांचा दिसायचा. कपाळ पुढे आलेलं, नाक बसकं, गाल गुबगुबीत, हनुवटी नावालाच. आमच्या वडिवळे गावात जो तो त्याचा गालगुच्चा घ्यायचा आणि "बाप उशिरा वाढला, हाही वाढेल" म्हणून मला धीर द्यायचा. त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं ते कामशेतच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. दुधाचे दात पडायचं नाव घेत नव्हते आणि खालचा जबडा इतका लहान, की नव्या दातांना जागाच नव्हती. "दातांचं नंतर बघू. आधी पुण्याला हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा," त्या म्हणाल्या.

लोकलने पुण्याला गेलो. तक्त्यावर त्याची उंची सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली होती. शाळेच्या नोंदी पाहिल्या, तर वर्षाची वाढ जेमतेम ३ सेंटिमीटर; या वयात ५ च्या आसपास हवी. डाव्या मनगटाच्या एक्स-रेत हाडांचं वय ६ निघालं. मग वाढीचं हार्मोन किती बनतं ते पाहायला उपाशीपोटी क्लोनिडीनची गोळी आणि ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा रक्त. त्या गोळीने झापड येते. पोरगं माझ्या मांडीवर पेंगत होतं, हातातली सुई तशीच. एमआरआयमध्ये गाठ नव्हती, पण मेंदूखालची पियुषिका ग्रंथी लहान होती. वाढीचं हार्मोन कमी पडत होतं; त्याचं इंजेक्शन रोज द्यायचं ठरलं.

"हे इंजेक्शन कशापासून करतात?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. पूर्वी मृत माणसांच्या ग्रंथींतून काढत, त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला. १९८५ पासून प्रयोगशाळेत तयार केलेलं आलं.

रोज रात्री झोपताना, मांडी-दंड-पोट अशा जागा बदलत. इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. गोठलं की औषध वाया. आमच्या नाणे मावळात पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल, देव जाणे. मी डब्यात बर्फ, त्यावर जाड फडक्याची घडी आणि वर पेन ठेवायचे, बर्फाला टेकू नये म्हणून. खर्च भाताच्या पैशांत भागणारा नव्हता. ह्यांनी चाकणला रात्रपाळी धरली.

आधी चपला तोकड्या झाल्या. मग जबडा. खालचा जबडा वाढतो तो कानापुढच्या सांध्यातल्या कूर्चेपाशी, आणि तिथे हे हार्मोन चांगलं लागू पडतं, असं डॉक्टरांनी दाखवलं. वर्ष-दीड वर्षात तोंडाचा खालचा भाग लांबला, हनुवटीला धार आली, अडलेले दात वर आले. प्रमाण जास्त झालं तर हाच जबडा बेढब वाढू शकतो, म्हणून हार्मोनचा परिणाम दाखवणारं रक्तातलं आयजीएफ-१ तपासून आणि वजन बघून डोस ठरतो. तारा लावायची घाई डॉक्टरीणबाईंनी केली नाही. जबडा अजून वाढतोय.

आता शेजारच्या गावातली एक ताई विचारत आली, "माझ्या पोराला पण ते इंजेक्शन दे ना सांगून, वर्गात सगळ्यात बुटका आहे." मी त्याची शाळेची नोंद मागवली. वर्षाला साडेपाच सेंटिमीटर वाढतोय, दातही वेळेवर पडलेत. तरी मी तिला तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे धाडलं, मेडिकलच्या दुकानात नाही.