डिस्चार्ज कार्डावर नसलेले प्रश्न

एचपीव्ही लसीच्या बातम्या मी आवर्जून वाचतो. जानेवारी २०२३ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही देशी लस आली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. समाधान वाटते. मात्र ज्या घरांत गर्भाशयमुखाचा कर्करोग लसीच्या आधीच पोहोचला, त्या घरांतील नवरा-बायकोंविषयी या बातम्यांत काहीच नसते.

पत्नीला पाच आठवडे किरणोपचार, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन आणि शेवटी ब्रॅकीथेरपी, असे उपचार झाले. गाठ गेली. घरात मात्र एक अर्धवट वाक्य राहिले: हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो. मग तो कोणाकडून आला? हा प्रश्न कोणी उच्चारला नाही, तरी नातलगांच्या नजरेत तो स्पष्ट दिसे. उरलेले अर्धे वाक्य कोणी सांगतच नाही. बहुतेकांना आयुष्यात केव्हातरी हा संसर्ग होतो आणि बहुधा तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यापैकी काहींना कर्करोग होतो आणि त्यालाही साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एवढ्या काळानंतर त्यावरून कोणाच्याही निष्ठेचा हिशेब मांडता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून खासगी. किरणोपचारानंतर योनिमार्ग कोरडा पडतो, आखडतो, अरुंद होतो. बीजांडकोशांचे काम थांबून रजोनिवृत्ती अकाली येते. त्यासाठी डायलेटर वापरायचा असतो. पुढील तपासण्या नीट व्हाव्यात, यासाठीही तो लागतो. परिचारिकेने तो पत्नीला दिला, तेव्हा मला बाहेर थांबायला सांगितले होते. पुढे कित्येक महिने तो कपाटात साड्यांमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. तिला दुखेल म्हणून मी दूर राहत होतो. ती त्याचा अर्थ किळस असा लावत होती. त्यातच एका आप्तांनी वेगळ्या अंथरुणाचा सल्ला दिला. (कर्करोग स्पर्शाने लागत नाही आणि या उपचारांनंतर शरीरात किरणोत्सारही उरत नाही, हे त्यांना सांगून झाले. पटले नसावे.)

रक्ताचे अहवाल समजावताना जोडीदाराला आत बोलावतात. मग हे सांगताना बाहेर का बसवतात, हे मला आजही उमगलेले नाही.

पुढच्या तपासणीला एका तरुण डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांनाही समोर बसवले, दार लोटून घेतले आणि दहा मिनिटे दिली. पहिला प्रश्न पत्नीनेच विचारला.