वस्तादाची पारख

सातारा-सांगलीकडे मुलगा तालमींत घालावयाचा झाला, कीं लोक वस्तादानें जिंकलेल्या गदा मोजतात. आमच्या मतें ही परीक्षा अपुरी होय. ‘मालविकाग्निमित्रां’त दोन नाट्याचार्यांचा वाद शिष्येच्या नृत्यावरून सुटतो; तोच न्याय येथेंही लावावा. हौद्याच्या कडेस चार दिवस बसून पठ्ठे पाहावे. ते निकोप आहेत काय? नवें शिकतात काय?

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९४८ सालीं लंडनला मातीऐवजीं गादी व अनोळखी नियम भेटले. तेथें सहावे आलेल्या त्यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविलें. तेव्हां वस्ताद गादीही जाणणारा हवा.

आणि मुख्य म्हणजे, कोवळ्या पोराची मान अडकतांच ‘सोड’ म्हणणारा हवा. मान दुखावल्यावर गदा काय कामाची?